जुन्या कॅसेट, जुनी मशीन : तुमचे अनुभव लिहा

व्हिडिओच्या जुन्या कॅसेट आणि डिस्क, म्हणजे बीटामॅक्स, व्हीएचएस, लेझरडिस्क, व्हीसीडी, मिनी डीव्ही, यातलं काहीही हौसेनं जमवणाऱ्या सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण. काय जमवलंत ते लिहाच, पण ते आज कशावर चालवता हेही लिहा. व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेट चालवणारं मशीन, बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई. तिनं जुलै २०१६ मध्ये काम थांबवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये सोनीनं बीटामॅक्सच्या कॅसेटही बंद केल्या. आता जी मशीन आहेत ती आपणच चालती ठेवायची.

सुरुवात माझ्यापासून. माझा जीव बीटामॅक्सवर. सोनीनं ती १९७५ मध्ये आणली, जेव्हीसीची व्हीएचएस त्याच्या पुढच्या वर्षी. दोन्हींची टेप अर्धा इंच रुंद, तरी एकीची कॅसेट दुसरीच्या मशीनमध्ये बसत नाही. बीटाची कॅसेट लहान, सुरुवातीला तासाभराचीच. व्हीएचएसवर दोन तास मावायचे, म्हणजे बराचसा सिनेमा. तिथेच बीटा मागे पडली. पण बीटाच्या मशीनचं झाकण काढा, कॅसेट घाला आणि बघा : एक गोल कडं फिरत फिरत टेपला बाहेर ओढतं आणि ड्रमभोवती, म्हणजे टेप वाचणाऱ्या फिरत्या नळकांड्याभोवती, नेऊन बसवतं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी हे दाखवतो.

रत्नागिरी

आमच्याकडे प्रश्न बुरशीचा. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली की ती मशीनमध्ये घालायचीच नाही, कारण ती बुरशी हेडला, म्हणजे ड्रमवरच्या टेप वाचणाऱ्या टोकाला, लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. व्हीएचएसच्या कॅसेटला खालून पाच स्क्रू असतात. ते काढून, तोंडाला मास्क लावून, मऊ कापडातून टेप हातानं सावकाश पुढे घ्यायची. अशा कॅसेटसाठी मी एक वेगळा व्हीसीआर ठेवलाय, त्यात चांगली कॅसेट कधीच जात नाही. पावसाळ्यात सगळं सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात. कॅसेट उभी ठेवा आणि पूर्ण रिवाइंड करून ठेवा. आणि हो, घरगुती कॅसेटच्या कण्यावरची छोटी टॅब आजच तोडून टाका, म्हणजे चुकून कुणी त्यावर रेकॉर्डिंग करणार नाही.

सोलापूर

मी लग्नाचं शूटिंग करायचो. खांद्यावर पॅनासॉनिकचा एम ९००० कॅमेरा, मागे हॅलोजनचा दिवा धरलेला पोरगा. आता धंदा मुलाकडे आहे आणि मी जमवतो त्या मास्टर कॅसेट, म्हणजे मिक्सिंगच्या आधीच्या. माझ्या स्वतःच्या आहेतच, पण आसपासच्या गावांतले जुने शूटिंगवाले दुकान बंद करताना मला निरोप धाडतात.

मास्टरच का, ते सांगतो. गिऱ्हाइकाला जी कॅसेट द्यायचो ती कॉपी असायची, आणि व्हीएचएसची प्रत्येक कॉपी आधीच्यापेक्षा फिकी पडते. रंग ओघळतात, चेहरे पुसट होतात. पण त्याहून मोठं नुकसान आवाजाचं. तेव्हाची पद्धतच अशी की हळदीपासून वरातीपर्यंत सगळ्यावर सिनेमातली गाणी चढवायची. बायकांनी जात्यापाशी म्हटलेल्या ओव्या, नवरीचा अडखळत घेतलेला उखाणा, पाठवणीला आजीनं कानात सांगितलेलं काहीबाही, सगळं गाण्याखाली गाडलं गेलं. मास्टरवर ते जसंच्या तसं आहे. मध्यंतरी एक बाई आल्या. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरातल्या कॅसेटमध्ये ते फक्त दिसायचे. माझ्याकडच्या मास्टरवर ते मांडवात आचाऱ्याशी जिलबीवरून हुज्जत घालताना ऐकू येतात. त्यांनी तेवढाच भाग पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. सिनेमाच्या कॅसेट हजारोंनी निघाल्या, ही एकच आहे. जमवायचंच असेल तर आधी हे जमवा, असं मी कळकळीनं सांगेन.

पुणे

माझा छंद स्वस्तातला : व्हीसीडी. रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजारात चक्कर असतेच. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी विकायला काढली होती, ती पाकिटं अजून मिळतात. मला हवी असतात मराठी नाटकं. एका डिस्कवर जेमतेम सव्वा तास मावतो, त्यामुळे दोन-तीन डिस्कचा संच, आणि त्यातली एखादी हमखास गहाळ. चित्र ३५२ बाय २८८, मोठ्या टीव्हीवर चौकोन चौकोन दिसतात. तरी ठरावीक नटसंचाचा प्रयोग बघायला मिळतो, मला तेवढं पुरे. सोलापूरकर काकांचं वाचून आमच्या घरची लग्नाची कॅसेट शोधायला घेतली आहे.

न्यू जर्सी

इथे लेझरडिस्क जमवते. बारा इंची तबकडी, एका बाजूला तासभर, मग उठून उलटायची. चित्र अ‍ॅनालॉगच, फक्त वाचायला लेझर. अमेरिकेत १९७८ च्या डिसेंबरात विक्रीला आली. काहींचे थर हवेनं खराब होऊन चित्रावर ठिपके नाचतात, त्यामुळे विकत घेण्याआधी चालवून बघायचा हट्ट धरते.

भारतातून आलेल्या कॅसेट मात्र इथल्या व्हीसीआरवर धड दिसत नाहीत. भारतात टीव्हीच्या चित्राची पद्धत पाल, ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ फ्रेम. इथे एनटीएससी, ५२५ रेषा आणि जवळपास ३०. त्यासाठी दोन्ही पद्धती चालवणारा सॅमसंगचा जुना व्हीसीआर मुद्दाम मिळवला. आता इथल्या कितीतरी मराठी घरांतल्या मुंजी आणि बारशी माझ्याकडे येऊन कॉम्प्युटरवर जातात.

कोल्हापूर

मी दुरुस्ती करतो. मशीन वर्षानुवर्षं बंद ठेवू नका. बेल्ट आपोआप सैल पडतात, काही तर चिकट होऊन वितळतात. महिन्यातून एकदा बिनमहत्त्वाची कॅसेट लावून चालवा. चित्रात बर्फ पडायला लागला, म्हणजे पांढरे ठिपके भुरभुरायला लागले, की हेड घाण झालंय समजा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला शॅमॉय (मऊ चामड्याचा तुकडा) ड्रमवर हलकेच टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हातानं ड्रमच फिरवा. वर-खाली अजिबात घासू नका, हेडची टोकं मोडतात आणि तशी हेड आता मिळायची मारामार. कापसाची काडीही नको, तंतू अडकतात. अल्कोहोल पूर्ण सुकल्याशिवाय कॅसेट घालू नका. रत्नागिरीकरांनी बुरशीचा व्हीसीआर प्रत्येक कॅसेटनंतर असा पुसावा.