मदत हवी आहे: नाशिकची शिराझ आणि फ्रेंच सिराह शेजारी शेजारी ठेवून कशी चाखायची?

मंडळी, वाईनमधल्या जाणकारांची मदत हवीय. भाचा फ्रान्समध्ये ल्योंला शिकतो, पुढच्या महिन्यात येतोय आणि "मामा काय आणू" म्हणून विचारतोय. आता ल्योंहून रोन नदीच्या काठाने जरा खाली गेलं की सिराह द्राक्षाचाच मुलूख लागतो, म्हणून म्हटलं बाबा चॉकलेटं नको, सिराह आण. पण एका माणसाला ड्यूटी न भरता दोनच लिटर आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या. इकडून मी नाशिकचीच दिंडोरी रिझर्व्ह शिराझ ठेवणार (सिराह आणि शिराझ द्राक्ष एकच, हे मलाही फार उशिरा कळलं, कारण फ्रेंच लोक लेबलवर बहुधा द्राक्षाचं नाव न लिहिता गावाचं लिहितात).

आता आधीची फजिती सांगतो. मागच्या एप्रिलमध्ये असाच घाट घातला होता, संध्याकाळी गच्चीवर, आणि लाल वाईन रूम टेंपरेचरला प्यायची असं कुठंतरी वाचलेलं म्हणून बाटल्या दिवसभर किचनच्या ओट्यावर. नाशिकचा एप्रिल, रूम टेंपरेचर पस्तीसच्या वर! सगळ्याच ग्लासांतून नुसता अल्कोहोलचा भपका आणि जांभळाचा जॅम. वर बाटल्या उघड्या समोर, त्यामुळे लेबल बघून सगळ्यांनी माना डोलावल्या, "फ्रेंच ती फ्रेंच". मला ते खरं वाटलं नाही. यावेळी झाकून करायचंय.

तर प्रश्न असे, की दोन फ्रेंच बाटल्या कुठल्या मागवू (तिकडची नामांकित कोत-रोती खिशाला झेपणार नाही), आधी कुठली ओतायची, किती वेळ आधी उघडायची आणि सोबत खायला काय? आम्ही सहा जण आहोत आणि बायकोने तिखट चिवडा आधीच जाहीर केलाय.

प्रतिसाद १
एक क्रोज-एर्मिताज आणि एक सँ-जोसेफ सांगा, दोन्ही लाल, तिकडच्याच सिराहच्या. तिथलीच कोर्नास मोहात पाडेल, पण तरुणपणी ती इतकी तुरट असते की तुमच्या पाहुण्यांना कच्चा आवळा चावल्यासारखं होईल. टेंपरेचर १६ ते १८ अंश ठेवा, फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा आणि मग ओता. ते रूम टेंपरेचर जुन्या थंड फ्रेंच घरांचं, आपलं नव्हे.
चवीत फरक का पडतो तेही ऐका. तिकडे द्राक्ष पिकतं ते सप्टेंबरात, हवा गार होत जाताना. आपल्याकडे ऑक्टोबरच्या आसपास छाटणी आणि तोडणी जानेवारी ते मार्च, म्हणजे थंडी सरून ऊन चढताना. सिराहला जो काळ्या मिरीचा वास येतो तो सालीतल्या रोटंडोन नावाच्या द्रव्याचा, आणि ते थंड हवेत जास्त टिकतं. त्यामुळे मिरी आली की फ्रेंच, पिकलेलं फळ आलं की नाशिक, असा अंदाज लोक बांधतील. तो चुकला तर मजा.

प्रतिसाद २
झाकायला नुसता पेपर गुंडाळू नका हो! आपल्या बऱ्याच बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, तोंडाचे आटे दिसले की खेळ खलास. रोनकडच्या फ्रेंच बाटलीचे खांदेही उतरते असतात. तिन्ही वाईन एकसारख्या काचेच्या जगांत अर्धा तास आधी ओता, खाली चिकटपट्टीवर नंबर लिहा, ओतणाऱ्याने खेळात भाग घ्यायचा नाही.
आणि चौथा ग्लास ठेवा, त्यात नाशिकचीच परत ओता, कुणाला सांगू नका. एकच वाईन दोनदा देऊन जो दोन वेगळे शेरे मारेल त्याचं मत कितपत धरायचं ते तुम्ही ठरवा. माणशी ६० मिली पुरे, सहा जणांच्या दोन फेऱ्या एका बाटलीत जेमतेम बसतात; नाशिकची मात्र दोन ग्लासांत जाणार, म्हणून तिच्या दोन बाटल्या ठेवा.
चिवडा मात्र नंतर. तिखटाने जीभ पेटली की अल्कोहोल अजूनच झोंबतं. आधी साधा पाव आणि पाणी, मटण सुक्कं निकाल लागल्यावर.

धागाकर्ता
आभार दोघांचे! भाच्याला क्रोज-एर्मिताज आणि सँ-जोसेफ कळवलं. आटे-झाकणाचं तर डोक्यातही आलं नव्हतं. ओतायला शेजारचे काका तयार आहेत, ते माळकरी, त्यामुळे चोरून चाखायची भीती नाही. फक्त एक राहिलं, चिवडा नंतर हे बायकोला कुणी सांगायचं?