‘असममित अनुनाद’: वाकडं नेमकं काय?

पानगळ
धातूंच्या अब्जांश (नॅनो) रचनांवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि शीर्षकातच अडकलेय. मी लिहिलं होतं, ‘असममित प्रकाशीय अनुनाद’. मसुदा तपासणाऱ्यांनी समासात विचारलं, ‘म्हणजे रचना वेडीवाकडी असते का?’ आणि त्याच समजुतीने पुढची दोन वाक्यं बदलूनही टाकली. खरं तर लेखातली रचना अगदी बांधेसूद आहे. सोन्याच्या सात गोल चकत्या, मधे एक आणि भोवती सहा. असममित आहे तो आलेख, कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश विखुरतो हे दाखवणारा. शिखराच्या एका अंगाला संथ उतार, दुसऱ्या अंगाला एकदम दरी. विशेषण आलेखालाच चिकटेल असं काही सुचतंय का?

ओळंबा
‘असममित’ बरोबरच आहे. ‘सममिती’ भूमितीत रुळलेला शब्द, त्याला ‘अ’ लावला की झालं. मला खटकतो तो ‘अनुनाद’. नाद म्हणजे ध्वनी. प्रकाशाला कुठला नाद? ‘अनुस्पंदन’ लिहा. स्पंदन प्रकाशलहरीतही आहे आणि धातूतल्या इलेक्ट्रॉनांतही.

तरफ
ओळंबा, ‘रेझोनन्स’ या इंग्रजी शब्दाचं लॅटिन मूळही ‘पुन्हा वाजणं’ असंच आहे. त्यांनी तो ध्वनीतून उचलून प्रकाशाला लावला, कोणाचं काही अडलं नाही. मी सतार शिकताना हा शब्द ऐकला. वरची तार छेडली की खालची तरफेची तार, बोटही न लावता, बोलायला लागते. ती सुरात लागलेली असेल तरच. ‘अनु’ म्हणजे मागोमाग, आणि इथे एकामागोमाग दुसरी बोलते. ‘अनुस्पंदन’मध्ये हे ऐकू येत नाही.

प्रयोगवही
तरफेचं उदाहरण अर्ध्यापर्यंतच पोचतं. साधा अनुनाद म्हणजे दोन्हीकडे सारखं उतरणारं एकच शिखर. इथे एक रुंद, पसरट अनुनाद आणि एक अरुंद, अशा दोघांचं व्यतिकरण होतं, म्हणजे त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून वाढतात किंवा घटतात. अरुंद अनुनाद ओलांडताना त्याची कला, म्हणजे लहर आपल्या झोक्यात कुठे आहे ते, झपाट्याने बदलते. त्यामुळे एका बाजूला दोघं एकमेकांना जोर देतात आणि लगेच पलीकडे एकमेकांना खोडतात. शिखर आणि दरी शेजारी येतात ती म्हणून.

भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडने १९०२मध्ये धातूच्या जाळीवरून (बारीक समांतर रेघा कोरलेल्या पृष्ठभागावरून) परतलेल्या प्रकाशात अशा अचानक उड्या पाहिल्या होत्या. भौतिकशास्त्रज्ञ उगो फानोने १९४१मध्ये त्यांचा उलगडा केला आणि १९६१मध्ये अणूंच्या संदर्भात आज सगळे वापरतात ते सूत्र मांडलं. त्यात क्यू नावाची एकच संख्या आकार ठरवते. ती शून्य असेल तर नुसती सममित दरी, फार मोठी असेल तर नुसतं सममित शिखर. वाकडेपणा मधल्या किमतींचा. क्यूचं चिन्ह उलटलं की दरी शिखराच्या दुसऱ्या बाजूला जाते. म्हणून माझं मत सरळ आहे, ‘फानो अनुनाद’ म्हणा.

पानगळ
नाव देऊन प्रश्न मिटत नाही हो. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ‘फानो’तून काय कळणार? पण कलेचं वाक्य फार उपयोगी आहे, मसुद्यात घेते. त्या सात चकत्यांत खोडतं कोण कोणाला?

प्रयोगवही
दरीच्या तरंगलांबीला मधल्या चकतीतले इलेक्ट्रॉन एका दिशेला झुलतात, भोवतीच्या सहांमधले उलट. बाहेर पडणारा प्रकाश जवळजवळ खोडला जातो, विकिरण तळ गाठतं. ऊर्जा मात्र चकत्यांमधल्या काही दशक नॅनोमीटरच्या फटींत एकवटते. मधली चकती काढून घ्या, दरी नाहीशी होते. कड्यातल्या सहा उरतात आणि त्यांचं एकच रुंद शिखर.

ओळंबा
‘विकिरण’ जपून वापरा. हिंदीत त्याचा अर्थ उत्सर्जित ऊर्जा, ज्याला आपण प्रारण म्हणतो. आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र प्रकाश विखुरणं म्हणजे विकिरण. दोन्हीकडचं वाचणाऱ्याचा घोळ होणारच. ‘प्रकीर्णन’ लिहा.

तरफ
शाळेत शिकवलेला शब्द शेजारच्या भाषेसाठी सोडायचा? मला नाही पटत. सात चकत्यांचं वाचून एक सुचलं. जे झुलणं बाहेर प्रकाश टाकतं त्याला ‘बोलकं’ म्हणा आणि जे आतल्या आत राहतं त्याला ‘मुकं’. इंग्रजीत उजळ आणि काळोखं म्हणतात, पण ‘काळोखं’ म्हटलं की तिथे काही घडतच नाही असं वाटतं. मुका माणूस विचार करत नाही असं कोण म्हणेल?

पानगळ
‘बोलकं’ आणि ‘मुकं’ घेतेच! बोलक्या-मुक्याच्या व्यतिकरणातून वाकडा आलेख, असं वाक्य आपोआप जमतंय.

ओळंबा
म्हणजे नादाची हरकत घेतली, तर आता बोलणंही आलं. शास्त्रीय लेखात रूपक परिभाषा म्हणून बसवू नये. दहा वर्षांनी कोणीतरी त्यावरून ‘मूकता गुणांक’ बनवेल.

प्रयोगवही
बनवला तर बनवू दे, मला आवडेल. पानगळ, ‘असममित’ अनुनादाऐवजी वर्णपटातल्या रेषेला लावून पाहा: ‘असममित वर्णरेषा’. मग चकत्या वाकड्या आहेत असं कोणाला वाटायला नको. फक्त एक लक्षात ठेवा, काही रचनांत मुकं झुलणं जागं करायला सममिती मुद्दाम मोडावी लागते. उदाहरणार्थ, अखंड कड्याच्या आत एकच चकती असेल तर ती केंद्रापासून थोडी सरकवतात, तेव्हाच कड्याचं चौध्रुवी (दोन धन, दोन ऋण टोकांचं) मुकं झुलणं जोडलं जातं. तिथे रचना आणि रेषा, दोन्ही असममित.

ओळंबा
‘वर्णरेषा’ नको. रेषा अरुंद असते, हा पसरलेला वक्र आहे. आणि विकिरणाचं काय ठरलं?