स्वस्तातला डेस्कटॉप घेताना तुमचं काय काय झालं? (अनुभव धागा)

शेवग्याची शेंग
काल माळा आवरताना बाबांची पत्र्याची पेटी खाली काढली. लाइट बिलांच्या गठ्ठ्याखाली एक कोटेशन निघालं. डॉट मॅट्रिक्सवर छापलेलं, कडेची भोकांची पट्टी अजून तशीच. एप्रिल २००१. पेंटियम थ्री, ६४ एमबी रॅम, २० जीबी हार्डडिस्क, फ्लॉपी, सीडी रॉम, १५ इंची मॉनिटर. एकूण ३८,५००. त्याखाली बाबांच्या अक्षरात, पेन्सिलीने: "स्पीकर नकोत. ६०० कमी." आणि त्याच्याही खाली आईचं अक्षर: "हवेत."

बाबांनी पतपेढीचं कर्ज काढलं होतं. तीन शनिवार घासाघीस चालली होती. मी अकरावीत. तिसऱ्या शनिवारी दुकानदाराने कंटाळून चहा सांगायचंही बंद केलं.

आता आठवण यायचं कारण म्हणजे बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि त्यांना परत "टेबलावरचा" हवाय. लॅपटॉपने मान दुखते, मोबाइलवर दिसत नाही. आत्ताचा २०१५ चा आहे, चौथ्या पिढीचा आय-थ्री. त्यावरच्या विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि ११ त्याच्यावर चढत नाही. वापर काय तर बँक, सोसायटीचा हिशेब, यूट्यूबवर कीर्तनं. बजेट २५ हजार, मॉनिटर जुनाच ठेवून.

तुम्ही कसा घेतलात, कुठे फसलात, सांगा ना. सल्लाही चालेल, पण आधी किस्सा.

मोदकपात्र
आमचा दसऱ्याला आला. सासऱ्यांनी पूजा केली ती मॉनिटरची. सासूबाई म्हणाल्या, खरं डोकं खाली डब्यात आहे, त्याला वाहा. मग सीपीयूला हळदकुंकू. फ्लॉपीच्या फटीत. फ्लॉपी शेवटपर्यंत पिवळी बाहेर यायची.

तापकीरकर
पुण्यात तापकीर गल्लीत जाऊन स्वतः पार्ट निवडून बनवला, २०२३ मध्ये. महिनाभर व्हिडिओ बघितले होते, त्यामुळे अंगात आलं होतं. दुकानात यादी टाकली आणि म्हटलं, हा १२१०० प्रोसेसर नको, १२१०० एफ द्या. दीड हजार वाचत होते. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड आहे ना सर तुमच्याकडे?" मी अर्धवट ऐकून "हो हो" म्हटलं. मला वाटलं आतच असतं.

घरी आणून जोडला. पंखे फिरतात, लाइट लागतो, पडदा काळा. केबल बदलली, मॉनिटर बदलला, शेजाऱ्यांचा टीव्ही लावून पाहिला. रात्री साडेअकराला कळलं की नावात एफ असलेल्या प्रोसेसरला आतलं ग्राफिक्सच नसतं. दुसऱ्या दिवशी तिथेच जाऊन साधं कार्ड घेतलं, साडेतीन हजारांचं. पोरगा हसला नाही, हे त्याचे उपकार.

चिंचगुळाची आमटी
एफ म्हणजे फसला 😂

तापकीरकर
घरातही हाच विनोद झालाय. नवीन काहीतरी आणा.

ठाण्याची मावशी
शेंग, बाबांना नवीन नकोच. मी मुलीला कंपन्यांमधून निघालेला रिफर्बिश्ड घेतला, थिंकसेंटरचा छोटा डबा येतो ना, तो. जाड पुस्तकाएवढा. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी, २५६ जीबीची एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसते, वेगवान), १३,५०० पडले. विंडोज ११ बिनतक्रार चालतं, कारण इंटेलमध्ये आठव्या पिढीपासून पुढचंच ते घेतं. सातवी पिढी दोन हजारांनी स्वस्त दाखवतील. भुलायचं नाही.

पण घेताना मी काय काय विसरले ते ऐक. त्याचा अडॅप्टर बाहेर असतो, लॅपटॉपसारखा. तो घरी आल्यावर कळलं की दुसऱ्याच कंपनीचा दिलाय आणि नीट बसत नाही. वायफाय नव्हतं, ते वेगळं घ्यावं लागलं. मागे पाहिलं तर एचडीएमआय नाही, नुसता डिस्प्लेपोर्ट, म्हणजे आणखी एक केबल. असं करत करत पंधरा हजार झाले. तरी तक्रार नाही, अडीच वर्षं झाली, एकदाही अडला नाही. दुकानातच चालू करून, मागची सगळी भोकं मोजून, आपल्या मॉनिटरची केबल पिशवीत घेऊन जायचं. लाजायचं नाही.

डबलबी
पिशवीत केबल 👌 आमच्या आत्या साडीच्या दुकानात ब्लाउजपीस घेऊन जातात तसं

वऱ्हाडी ठेचा
सगळे प्रोसेसरच सांगून राहिले. आमच्याकडे २००५-०६ ला लाइन दिवसाला आठ-दहा तास जायची. बाबूजीनं यूपीएस नाही घेतला, म्हणे लाइन गेली की आपणही उठावं, डोळ्याला आराम. बहिणीचा एमएससीआयटीचा सराव चालू असताना अशी लाइन गेली आन् आली, की हार्डडिस्क टकटक करायला लागली न बाप्पा. भिंतीवरच्या घड्याळासारखी. तिच्यात भावाच्या लग्नाचे फोटो होते. आता आमच्या घरी वहिनी आन् दादाचा एकच फोटो हाय, तोही वरातीतल्या घोड्याचा, दादा अर्धा.

यूपीएस घ्याच. ६०० व्हीएचा पुरते. त्याच्यातली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदला, नुसता टीं टीं वाजते म्हणून फेकू नका.

मोदकपात्र
घोडा तरी पूर्ण आला का?

वऱ्हाडी ठेचा
घोडा फस्क्लास आला.

कलिनाकर
२६ जुलै २००५. तळमजला. ९४४ मिलिमीटर पाऊस हा आकडा आमच्या घरात पाढ्यासारखा पाठ आहे. टीव्ही पलंगावर, गाद्या कपाटावर, डाळ-तांदूळ ओट्यावर चढवले. सीपीयू टेबलाखाली राहिला, कोणाला आठवलाच नाही. दुसऱ्या दिवशी कॅबिनेट उघडलं तर आत चिखल आणि एक बारीक खेकडा. जिवंत.

बाकी काही नाही. सीपीयू टेबलावर ठेवा.

शेवग्याची शेंग
खेकडा!! कलिनाकर, त्या दिवशी आम्ही दादरला अडकलो होतो, त्याचा वेगळा धागा होईल.

चिंचगुळाची आमटी
काढाच तो धागा. माझे बाबा अंधेरीहून विक्रोळीपर्यंत चालत आले होते, हातात ऑफिसचं टिफिन आणि अनोळखी बाईचं बाळ. बाई मागेच होती, घाबरू नका.

सावंतवाडीचा लाकडी आंबा
आमचा २०१२ चा अजून चालू आहे. बदलायचं ठरलं होतं, पण भाच्याने हार्डडिस्क काढून २४० जीबीची एसएसडी घातली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून दिलं. आधी चालू करून मी अंघोळीला जायचो, परत येईपर्यंत डेस्कटॉप दिसायचा. आता पंचा शोधेपर्यंत चालू होतो. शेंगताई, चौथ्या पिढीचा आय-थ्री म्हणजे काही म्हातारा नाही. बँक आणि कीर्तनाला पुष्कळ झाला. आधी हे करून बघा, थोडक्यात भागेल.

ठाण्याची मावशी
काका, पण त्यांच्या सोसायटीचा हिशेब एक्सेलमध्ये असणार. मिंटवरच्या लिब्रेऑफिसमध्ये उघडतो, पण कुणीतरी मॅक्रो लिहून ठेवले असतील तर गडबडतो. आमच्या सोसायटीत झालंय. त्यावरून वार्षिक सभेत दोन तास भांडण.

सावंतवाडीचा लाकडी आंबा
सोसायटीच्या सभेत दोन तास भांडण व्हायला लिनक्स लागत नाही हो.

ओटीपी आला का
मी न्यू जर्सीत, आईबाबा सांगलीत. त्यांना काय घेऊन द्यायचं यावर मी आणि भावाने सहा महिने घालवले. त्याला ऑल-इन-वन पाहिजे होता, दिसायला छान, वायरी नाहीत. मी म्हटलं, पडदा गेला की सगळंच दुरुस्तीला जातं, सुटे भाग बरे. शेवटी आईने विचारलं, "तुम्ही दोघं येणार आहात का बिघडला की? नाही ना? मग कोपऱ्यावरचा मुलगा जो दुरुस्त करू शकेल तो घ्या." त्या मुलालाच विचारून त्याच्याकडून असेंबल केला. पाच वर्षं झाली. तो मुलगा आता आईला पापड लाटायलाही मदत करतो, म्हणजे मला वाटतं माझी जागा गेलीच.

डबलबी
उडदाचे की पोह्याचे?

ओटीपी आला का
दोन्ही. पोह्याचे मला पाठवतात, कस्टमवाल्यांनी एकदा अर्धा तास हुंगले.

जास्वंद
मराठी टायपिंगचं कोणीच बोललं नाही. माझ्या आजीने सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या मी २००३ मध्ये टाइप केल्या होत्या, श्रीलिपीत. पन्नासेक पानं. आजी बटाटे सोलता सोलता सांगायची, मी चुकले की बटाटा थांबायचा. नवीन कॉम्प्युटर घेतला, फाइल आणली, उघडली, तर सगळी चिन्हं, टिंबं, उलटेसुलटे कंस. तेव्हाचे फाँट युनिकोडमधले नव्हते ना, तो फाँट नसला की अक्षरं म्हणजे कचरा. जुना डबा मी तोवर भंगारात दिला होता. ४०० रुपयांना.

फाइल जपून ठेवलीय. पुढे कन्व्हर्टर मिळाला, बरंचसं सुटलं, जोडाक्षरं अजून हाताने दुरुस्त करतेय. आजी गेली २०११ मध्ये. एका ओवीत "दळण" आहे की "दर्पण" हे आता कोणाला विचारू.

शेंग, जुना डबा देण्याआधी बाबांच्या फाइली उघडून बघ गं. नुसत्या कॉपी करू नकोस, उघडून बघ.

मोदकपात्र
जास्वंद 🙏 ती ओवी इथे टाक ना. कोणीतरी ऐकलेली असेल.

जास्वंद
संध्याकाळी टाकते. आत्ता कुकर लावलाय.

तापकीरकर
मध्येच एक, रॅम घेणार असाल तर भाव ऐकून खुर्चीत बसून घ्या. २०२५ च्या शेवटापासून चढलेत. मी २०२३ ला ८ जीबीची कांडी ज्या भावात घेतली तो सांगितला तर दुकानदार हळवा झाला. रिफर्बिश्ड डब्यात रॅम आधीच असते, त्यामुळे मावशींचा सल्ला मीही उचलून धरतो. १६ असेल तर उत्तम, ८ च्या खाली नको.

कोकणकडा
कॉम्प्युटर चालूच होत नसेल, तीन बीप देत असेल, तर नवा घेण्याआधी रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवा. आधी वायर काढा. आमचा २०१४ चा याच औषधावर आहे. दर पावसाळ्यात एकदा.

शेवग्याची शेंग
सगळ्यांना एकेक वाटी शेंगांची आमटी. बाबांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. एफचा किस्सा दोनदा वाचायला लावला.

तर सध्याचं असं: आधी एसएसडी टाकून जुनाच बघू, असं बाबा म्हणाले. मिंट नको म्हणाले, मग दहा मिनिटांनी म्हणाले, दिसतं कसं ते दाखव. जास्वंद, तुझं वाचून फाइली उघडायला बसलो. "घर हिशेब २००४" उघडली. "पत्र_आई" उघडली, तर टिंबं आणि कंस. बाबा म्हणाले, राहू दे, मला माहितीय काय लिहिलंय. मी विचारलं नाही. पण ती कन्व्हर्टरची लिंक मला दे.

आणि हो, कोटेशनवरच्या त्या स्पीकरच्या वादात आईच जिंकली. पहिल्या दिवशी नाट्यगीतांची सीडी लावली आणि दुकानदारालाही फोनवर ऐकवली. ते स्पीकर अजून आहेत. डावा वाजतो.

जास्वंद
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

डबलबी
ते खोडरबरचं खरं आहे का? नटराजचं चालेल? घरात तेच आहे, त्यावर पोराने दात उमटवलेत.

कोकणकडा
दात नसलेली बाजू वापरा.