यूएसबी बंद पडलं की आधी रीस्टार्ट? मला नाही पटत

सातपूर_लेथ
सातपूरला आमचं जॉबवर्कचं शेड आहे. व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारी मिलिंग मशीन) जुनी, तिला प्रोग्रॅम आरएस-२३२ या जुन्या सिरियल पोर्टवरूनच द्यावा लागतो. संगणकाला सिरियल पोर्ट नाही, म्हणून मध्ये यूएसबी-टू-सिरियलची स्वस्तातली वायर. गेल्या महिन्यात संगणकावर उबंटू २२.०४ (लिनक्स) टाकलं आणि ती वायर दिसेनाशी झाली. नेहमीच्या मुलाला बोलावलं. त्याने रीस्टार्ट केलं, नाही. पोर्ट बदलून रीस्टार्ट, नाही. तिसऱ्या रीस्टार्टनंतर म्हणाला, "काका, लिनक्सवर यूएसबीचा लोचा असतोच, विंडोज टाकून देतो." दीड दिवस मशीन उभी. जॉब पॅलेटवर आणि ऑपरेटर टपरीवर.

रात्री मी स्वतः टर्मिनल उघडलं, सुडो डीमेसेज वजा डब्ल्यू (संगणकाच्या आतल्या नोंदी, म्हणजे लॉग, तिथल्या तिथे दाखवणारी कमांड) चालू ठेवलं आणि वायर काढून परत खोचली. ओळी भराभर आल्या. उपकरण सापडलं, सीएच३४१ ड्रायव्हर लागला, टीटीवाययूएसबी० हे नाव मिळालं. आणि लगेच खालची ओळ: बीआरएलटीटीवाय नावाच्या प्रोग्रॅमने ताबा घेतला, कन्व्हर्टर डिस्कनेक्टेड. म्हणजे वायर चांगली, पोर्ट चांगलं, ड्रायव्हरही चांगला! ब्रेल डिस्प्ले चालवणारा हा प्रोग्रॅम माझ्या वायरला ब्रेलचं यंत्र समजून ओढून नेत होता. पॅकेज काढून टाकलं, वायर पुन्हा खोचली, पाच मिनिटांत प्रोग्रॅम मशीनमध्ये.

शंभर रीस्टार्ट मारले असते तरी हे सुटलं नसतं. रीस्टार्ट हा उपाय नाही, पुरावा पुसायची सवय आहे. आधी लॉग, बाकीचं मागून. आता भांडा.

निमाणी_झेरॉक्स
दादा, तुमच्याकडे मशीन उभी होती, माझ्याकडे माणसं उभी असतात. दहावी-बारावीच्या निकालानंतर या एकदा काउंटरवर. प्रिंटर गप्प झाला की समोरच्या पोराला काय सांगू, थांब बाळा, कर्नल (लिनक्सचा गाभा) काय म्हणतोय ते वाचतो? रीस्टार्टला एक मिनिट लागतं आणि माझं काम बहुतेक वेळा होतं. अंगात ताप असला की आधी गोळी, रक्त-लघवी दुसऱ्या दिवशी.

आणि पुरावा पुसला जातो हे तर चूकच. जर्नलसीटीएल वजा के वजा बी वजा १ असं दिलं की मागच्या बूटचा कर्नल लॉग जसाच्या तसा मिळतो. उबंटू तो डिस्कवर ठेवतं. दुकान बंद केल्यावर निवांत वाचा की.

सातपूर_लेथ
वाचता का कधी?

निमाणी_झेरॉक्स
नाही. पण वाचता येतो, एवढाच मुद्दा होता.

सोल्डरगन
एमजी रोडला रिपेअरिंगच्या बाकावर बसून वर्षं गेली. दोघांचंही अर्धं चुकतंय.

झेरॉक्सवाले भाऊ, रीस्टार्ट केलं म्हणजे पोर्टची वीज गेली असं नसतं. पुष्कळ मदरबोर्डवर रीस्टार्टमध्ये यूएसबीचे ५ व्होल्ट चालूच राहतात, काहींवर तर शटडाउन केल्यावरही. माउसचा लाल दिवा बंद संगणकावर जळताना बघितलाच असेल. अडकलेल्या उपकरणाला तुमच्या रीस्टार्टचा पत्ताही लागत नाही. बंद करायचं तर मागची पॉवर कॉर्ड काढा, अर्धा मिनिट थांबा, मग लावा.

लेथवाले काका, तुमची केस मजेशीर आहे, पण माझ्या बाकावर येणाऱ्यांत तसली विरळाच. येतं ते असं: कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला पोर्टेबल हार्ड डिस्क. यूएसबी २ चं पोर्ट ठरल्याप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. डिस्कची चकती फिरायला सुरुवात होताना झटका जास्त लागतो, त्यात पुढच्या पोर्टची आतली वायर बारीक. डिस्क टकटक करते, दिसते, जाते. किंवा पावसाळ्यात पोर्टच्या आतल्या पट्ट्यांवर हिरवट चढलेलं. लॉगमध्ये उणे ७१ हा एरर दिसला तर बोलणं तुटक ऐकू येतंय, उणे ११० असेल तर समोरून उत्तरच आलं नाही. दोन्हीत मी आधी वायर बदलतो, मग पोर्ट, मग ते उपकरण दुसऱ्या संगणकाला लावून बघतो. लॉगला हात लावायच्या आत निम्मी गिऱ्हाइकं घरी जातात.

दिंडोरी_पॅकहाऊस
इथे मी काकांच्या बाजूने. आमच्याकडे द्राक्षांच्या पेट्यांवर बारकोड लागतो, स्कॅनर यूएसबीचा. हंगामात भलतीच तक्रार: पेटी सलग येत असली तर स्कॅनर झकास, मध्ये जरा खंड पडला की पुढची पहिली पेटी वाचतच नाही. बायका म्हणायच्या, "हा झोपतो हो." आम्ही हसलो. वायर बदलली, स्कॅनर बदलला, रीस्टार्ट तर रोज सकाळी होतोच.

तो खरंच झोपत होता. वीज वाचावी म्हणून कुणीतरी पॉवरटॉप या प्रोग्रॅमचं ऑटो-ट्यून बूटच्या वेळीच चालेल असं लावून ठेवलेलं. त्याने सगळ्या यूएसबी उपकरणांचं ऑटोसस्पेंड चालू होतं. कर्नलची मुदत मुळात २ सेकंदांची. तेवढा वेळ काही हालचाल नाही झाली की स्कॅनर निजला. पहिला बीप त्याला जागं करण्यात वाया जायचा. त्या उपकरणाच्या पॉवर फोल्डरमधल्या कंट्रोल फाइलमध्ये ऑटोच्या जागी ऑन लिहिलं आणि संपलं. ते टिकावं म्हणून नंतर यूडेव्हचा (उपकरण जोडलं की काय करायचं ते ठरवणारा लिनक्सचा भाग) एक नियम केला आणि ऑटो-ट्यून बूटमधून काढलं.

आता गंमत बघा, इथे रीस्टार्टच रोग परत आणत होता. हाताने ऑन केलेलं बूट झालं की पुन्हा ऑटो.

निमाणी_झेरॉक्स
बरं, पण तुम्हीच सांगताय की कुणीतरी लावून ठेवलेलं. माणसाने घातलेला घोळ. ताजं उबंटू असतं तर झालं असतं का? लिनक्सवाल्यांचं हेच असतं, आधी खाजवायचं, मग लॉग वाचायचा.

दिंडोरी_पॅकहाऊस
ते "कुणीतरी" मीच होतो. तीन वर्षांपूर्वी. पण लेथवाल्या काकांचं उबंटू ताजंच होतं, तिथे कुणी खाजवलं?

बोटांनी_वाचणारी
मी ब्रेल डिस्प्लेवर हा धागा वाचतेय, म्हणजे ज्या प्रोग्रॅमला काकांनी हाकलून दिलं त्याच्याच कृपेने. म्हणून दोन शब्द.

त्याने दरोडा घातलेला नाही. काकांच्या वायरीतल्या चिपचा आयडी १ए८६:७५२३. हीच बाजारू चिप एका ब्रेल डिस्प्लेच्या आतही आहे, त्यामुळे बाहेरून दोघांची ओळख एकच दिसते. प्रोग्रॅमने आपलं माणूस समजून दार उघडलं. त्या आयडीची ओळ आपोआप ताबा घेणाऱ्या यादीत ठेवायला नको होती, ही चूक आहेच, ती मी नाकारत नाही. पण "पॅकेज काढून टाका" हा सल्ला असा सरसकट फिरू लागला की उद्या ग्रंथालयातल्या नाहीतर कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकावर कुणीतरी तो न विचारता चालवतो, आणि माझ्यासारखी तिथे जाऊन बसते तेव्हा बोटांखाली काहीच येत नाही. पडदा चालू आहे की बंद, हेही मला कळत नाही.

दुसरा मार्ग आहे, तोही अवघड नाही. प्रोग्रॅमची यूडेव्ह नियमांची फाइल ईटीसीमधल्या यूडेव्हच्या रूल्स फोल्डरमध्ये त्याच नावाने कॉपी करायची आणि त्यात फक्त त्या आयडीच्या ओळीपुढे हॅश टाकायचा. ईटीसीतली फाइल वरचढ ठरते. नियम रीलोड करून वायर पुन्हा खोचा. वायरही चालेल, ब्रेलही.

सातपूर_लेथ
ताई, हे डोक्यातच आलं नाही. शेडमधल्या संगणकावर कुणी ब्रेल वापरत नाही, पण हाच उपाय मी तीन जणांना फोनवर सांगून बसलोय, त्यातला एक आयटीआयचा. उद्या त्याला आधी फोन करतो.

निमाणी_झेरॉक्स
ताईंचं सोळा आणे खरं. एक आठवलं, माझं म्हणणं थोडं दुरुस्त करतो. ई-टेंडरचं डिजिटल सहीचं टोकन माझ्याकडे अधूनमधून दिसेनासं होतं, आणि मुदत हमखास पाच वाजताची. तेव्हा मी पूर्ण संगणक नाही, नुसती पीसीएससीडी ही टोकनशी बोलणारी सेवा रीस्टार्ट करतो आणि टोकन परत खोचतो. येतं. म्हणजे मी अगदीच आडमुठा नाही.

आणि सोल्डरगन भाऊ, तुमच्यामुळे आज दुकान बंद करून पहिल्यांदा प्रिंटरचा लॉग काढला. यूएसबी १-४ डिस्कनेक्ट, डिव्हाइस नंबर ९. मग नवीन उपकरण, नंबर १०. परत डिस्कनेक्ट. मग ११. दुपारपर्यंत ३४ वर गेलाय. हे काय आहे?

सोल्डरगन
प्रत्येक वेळी तुटून जुळला की नवा नंबर मिळतो. प्रिंटर मेलेला नाही, दिवसभर हात सोडतोय आणि धरतोय. वायर किती लांब आहे?

निमाणी_झेरॉक्स
काउंटरच्या खालून फिरवून मागच्या भिंतीपर्यंत. मूळ वायर आणि पुढे एक्स्टेंशन. थांबा, मोजतो.

निमाणी_झेरॉक्स
सात मीटर आणि वर वीतभर.

सोल्डरगन
यूएसबी २ च्या वायरीची हद्द ५ मीटर. मध्ये साधं एक्स्टेंशन असेल तर एक जोड आणखी सैल. रीस्टार्टनंतर किती वेळ चालायचा?

निमाणी_झेरॉक्स
तास-दीड तास. मला वाटायचं प्रिंटर दमतो.

सातपूर_लेथ
म्हणजे लॉग वाचल्यावर...

निमाणी_झेरॉक्स
दादा, आज नको. आधी प्रिंटर काउंटरवर उचलून आणू द्या, मग बोला.