मदत हवी आहे : पॉम्पेईची हस्तिदंती मूर्ती आणि तेर-भोकरदन

नमस्कार. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या इटलीतील रोमन नगरातील एका घरात १९३८ साली भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली आणि ती आज नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. जेमतेम वीतभर उंचीची ही मूर्ती दागिन्यांनी मढलेली असून तिच्या दोन्ही बाजूंना लहानशा दासी उभ्या आहेत. तळापासून माथ्यापर्यंत पाडलेले उभे छिद्र पाहता ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी, असे अभ्यासक मानतात. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटले गेले, परंतु ती यक्षी असावी हे नंतरचे मत मला अधिक पटते.

माझी उत्सुकता तिच्या उगमाविषयी आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या आहेत; दुसरीकडे तिच्या तळाशी खरोष्ठी या वायव्येकडील प्राचीन लिपीतील अक्षर असल्यामुळे वायव्य भारताचा विचारही सोडता येत नाही. मराठवाड्यातील कारागिरांचे काम रोमन घरापर्यंत पोहोचले असेल, तर तो आपल्या इतिहासाचा फार मोलाचा धागा आहे.

या तिन्ही मूर्तींची केशरचना, मेखला आणि दासींची ठेवण यांची तुलना करणारे मराठी लेखन कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे. तसेच तेरच्या संग्रहालयात मूर्तीचे जवळून छायाचित्र घेण्यासाठी परवानगी कोणाकडे मागावी लागते, हे अलीकडे तेथे जाऊन आलेल्या सदस्यांनी सांगितल्यास मी आभारी राहीन.