मदत हवी आहे: कन्सोल प्रोग्राममधून रोबोकॉपी चालवताना 'सिस्टीम' फंक्शन भलतंच वागतंय

जिरे_धणे
मस्जिद बंदरच्या मसाल्याच्या पेढीसाठी छोटा कन्सोल प्रोग्राम आहे. रोज संध्याकाळी साडेसातला हिशोबाचं फोल्डर नॅसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेज पेटीवर) विंडोजच्या रोबोकॉपी कमांडने कॉपी करायचं, एवढंच काम. विंडोज 10, सी++, कोडब्लॉक्स (एडिटर), मिंगडब्ल्यू (कंपायलर). सगळ्या कमांड 'सिस्टीम' फंक्शनने चालवतो. अडचणी अशा:

१) आधी 'सीडी'ची कमांड देतो, पण पुढची कमांड जुन्याच फोल्डरमध्ये चालते.
२) फाइली नीट कॉपी होतात, तरी 'सिस्टीम' कधी 1 तर कधी 3 परत देतं. शून्य नसेल तर 'कॉपी फसली' छापायचं असं लिहिलंय, त्यामुळे रोज तेच छापून येतं.
३) 'धणे & जिरे' नावाचं फोल्डर आहे. नुसतं रोबोकॉपी लिहिलं तर ते जायचं. रोबोकॉपीचा पूर्ण पाथ अवतरणात दिल्यापासून 'सिंटॅक्स चूक' येते आणि 'जिरे' नावाची कमांड सापडत नाही म्हणतं.
४) फोल्डरचं नाव देवनागरीत असलं की पाथ सापडत नाही.
५) एखादी फाइल दुसऱ्या पीसीवर उघडी राहिली तर प्रोग्राम सकाळपर्यंत तसाच अडकलेला.
६) आउटपुट लॉग फाइलमध्ये वळवलं की ओळींचा क्रम उलटापालटा.

सगळं सोडून दुसरी पद्धत घ्यावी का?

पंधरा_डबा
(मोबाइलवरून लिहितेय, म्हणून कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.)

पद्धत सोडायची गरज नाही. पण एक समजून घ्या: 'सिस्टीम' तुमची कमांड चालवत नाही. ते सीएमडी डॉट एक्सई (विंडोजचा कमांड चालवणारा प्रोग्राम) उठवतं, '/सी' लावून तुमची ओळ त्याच्या हाती देतं आणि तो संपेपर्यंत थांबतं. तुमच्या बाजारात माल थेट जात नाही, मध्ये अडत्या असतो, तसंच. तुमच्या निम्म्या तक्रारी या अडत्याच्या आहेत.

१) प्रत्येक वेळी नवा सीएमडी सुरू होतो. 'सीडी'ने त्याचं स्वतःचं चालू फोल्डर बदललं, तो संपला, बदलही गेला. एकतर एकाच ओळीत 'सीडी /डी अमुक && तमुक' लिहा (ड्राइव्ह बदलायचा तर '/डी' हवंच), नाहीतर प्रोग्राममधूनच अंडरस्कोअर-डब्ल्यूसीएचडीआयआर हे फंक्शन वापरा. नॅसच्या '\\' ने सुरू होणाऱ्या पाथवर 'सीडी' चालतच नाही. तिथे 'पुशडी' लागतं, ते तात्पुरतं ड्राइव्हचं अक्षर जोडून देतं. खरं तर रोबोकॉपीला दोन्ही पूर्ण पाथ द्या, 'सीडी'चा प्रश्नच मिटतो.

२) हा दोष रोबोकॉपीचाही नाही, तुमच्या 'इफ'चा आहे. रोबोकॉपी परत देतं तो कोड म्हणजे बेरीज असते. 1 म्हणजे फाइली कॉपी झाल्या, 2 म्हणजे नॅसवर जास्तीच्या फाइली आहेत, 4 म्हणजे काही जुळत नाहीत, 8 म्हणजे काही कॉपी झाल्या नाहीत, 16 म्हणजे मोठी चूक. तुमचा 3 म्हणजे 1 अधिक 2. 0 म्हणजे नवीन काहीच नव्हतं. अट '8 किंवा जास्त' अशी ठेवा. 4 आला तर लॉग बघा. 'सिस्टीम'ने -1 दिलं तर सीएमडीच सुरू झालेला नाही, तो वेगळा धरा.

३) यात भले भले अडकतात. '/सी'नंतरची ओळ अवतरण चिन्हाने सुरू होत असेल आणि ओळीत दोनपेक्षा जास्त अवतरणं असतील, तर सीएमडी पहिलं आणि शेवटचं अवतरण काढून टाकतो. तुमच्या ओळीत सहा होती. पहिलं गेल्यावर उरलेल्यांच्या जोड्या सरकल्या: 'एक्सई'नंतरचं अवतरण उघडणारं ठरलं, 'ई:\' च्या आधीचं बंद करणारं, आणि 'धणे & जिरे' अवतरणांच्या बाहेर उघडं पडलं. उघडं & दिसलं की सीएमडी तिथे कमांड तोडतो. म्हणून 'जिरे' ही कमांड शोधली गेली. नुसतं रोबोकॉपी लिहिलं होतं तेव्हा ओळ अवतरणाने सुरू होत नव्हती, म्हणून वाचलात.

उपाय: सगळ्या ओळीला बाहेरून आणखी एक जोडी द्या.

""सी:\विंडोज\सिस्टम32\रोबोकॉपी.एक्सई" "ई:\हिशोब\धणे & जिरे" "\\नॅस\बॅकअप\धणे & जिरे" /ई /आर:2 /डब्ल्यू:5"

बाहेरची जोडी सोलली जाते, आतल्या शाबूत राहतात. या पाथमध्ये स्पेस नाही, त्यामुळे एक्सईभोवतीची अवतरणं काढली तरी भागेल. पण पूर्ण पाथ काढू नका. सीएमडी आधी चालू फोल्डरमध्ये एक्सई शोधतो आणि तिथे त्याच नावाची दुसरी फाइल असली तर तीच चालवतो. सी++ मध्ये ही ओळ रॉ स्ट्रिंगमध्ये लिहा, म्हणजे प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा टाइप करायला नको.

आणखी एक: पाथच्या शेवटी बॅकस्लॅश ठेवून लगेच अवतरण बंद केलं, तर रोबोकॉपी त्या अवतरणाला पाथचाच भाग समजतं आणि पुढचा सगळा मजकूर गिळतं. शेवटचा बॅकस्लॅश काढून टाका.

५) रोबोकॉपीचं मुळातलं सेटिंग: फाइल मिळाली नाही तर 10 लाख वेळा पुन्हा प्रयत्न, दर प्रयत्नाआधी 30 सेकंद थांबणं. म्हणजे एका उघड्या फाइलपायी जवळजवळ 347 दिवस! म्हणून वर '/आर:2 /डब्ल्यू:5' (दोनदाच पुन्हा प्रयत्न, दर वेळी 5 सेकंद थांबून) लिहिलंय.

६) आउटपुट फाइलकडे वळवलं की तुमच्या 'प्रिंटएफ'चा मजकूर बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) पडून राहतो आणि रोबोकॉपीचा थेट फाइलमध्ये जातो. प्रत्येक 'सिस्टीम'च्या आधी 'एफफ्लश' करा. झालं.

भायखळा_बाइट
४) चं उत्तर राहिलंय. सोर्स फाइल यूटीएफ-8 मध्ये असेल, तर साधं 'सिस्टीम' ते बाइट विंडोजच्या आन्सी कोडपेजने (बाइटवरून अक्षर ठरवणाऱ्या जुन्या तक्त्याने) वाचतं. इंग्रजी विंडोजवर ते बहुधा 1252 असतं आणि त्यात देवनागरी नाहीच. 'हिशोब'च्या जागी टोप्याटिकल्यांची रोमन अक्षरं जातात, मग पाथ कसा सापडणार?

बरेच जण इथे आधी 'सीएचसीपी 65001' (कन्सोलचं कोडपेज यूटीएफ-8 करणारी कमांड) चालवायला सांगतात. त्याने हे सुटत नाही. गंमत म्हणजे 'सीडी'सारखा तो बदल पुसलाही जात नाही, कारण कोडपेज सीएमडीचं नसून कन्सोलच्या खिडकीचं असतं आणि ती खिडकी तुमच्या प्रोग्रामचीच असते. पण 'सिस्टीम' कन्सोलचं कोडपेज विचारतच नाही.

अंडरस्कोअर-डब्ल्यूसिस्टीम वापरा आणि स्ट्रिंगच्या आधी एल लावा (रॉ असेल तर एलआर). अवतरणांचे नियम तेच. लॉगसाठी रोबोकॉपीचं '/युनिलॉग+:' वापरा, म्हणजे देवनागरी नावं युनिकोडमध्ये लिहिली जातील. '/एनपी' पण लावा, नाहीतर लॉगमध्ये टक्केवारीचा नुसता कचरा भरतो.

जुन्या कन्सोलमध्ये जोडाक्षरं तुटलेली दिसतील. ते फक्त दाखवण्यापुरतं, कॉपी बरोबर होते.

जिरे_धणे
अंडरस्कोअर-डब्ल्यूसिस्टीम आणि बाहेरची अवतरणं लावली, 'धणे & जिरे' गेलं! अट 8 ची केली. दोन शंका. '/ई' (सबफोल्डरांसकट कॉपी) ऐवजी '/एमआयआर' लावू का, म्हणजे जुन्या फाइली साचणार नाहीत? आणि कॉपीआधी नॅस चालू आहे का ते पिंगने बघतो, पण नॅस बंद असतानाही पिंग कधी कधी 0 देतं.

पंधरा_डबा
'/एमआयआर' हिशोबाच्या बॅकअपला नको, असं माझं स्पष्ट मत. मूळ फोल्डरमध्ये नाही ते सगळं ते नॅसवरून उडवतं. कोणी चुकून मूळ फोल्डर रिकामं केलं की त्या संध्याकाळी बॅकअपही रिकामा. चुकीचा पाथ दिलात तर तिथलं दुसरंच काही साफ. लावायचंच असेल तर आधी '/एल' जोडून चालवा. काय कॉपी होईल आणि काय उडेल याची नुसती यादी मिळते, हात कशालाच लागत नाही.

भायखळा_बाइट
पिंग: त्याच नेटवर्कवरचं मशीन बंद असेल तर तुमचाच पीसी 'होस्टपर्यंत पोचता येत नाही' असं उत्तर देतो. विंडोजचं पिंग ते उत्तरही 'मिळालं' म्हणून मोजतं आणि 0 देतं. कोडवर विसंबू नका. '-4' लावून पिंगचं आउटपुट 'फाइंड'कडे पाइप करा आणि 'टीटीएल=' शोधा, ते नॅसच्या खऱ्या उत्तरातच असतं. सापडलं तर 'फाइंड' 0 देतं, नाहीतर 1, आणि पाइपमधल्या शेवटच्या कमांडचाच कोड तुम्हाला मिळतो. '-4' यासाठी, की आयपीव्ही6 च्या उत्तरात टीटीएल छापलं जात नाही.

पण पिंग करताच कशाला? नॅस चालू आणि शेअर्ड फोल्डर बंद, असंही होतं. नॅसवरचं बॅकअप फोल्डर दिसतंय का तेच तपासा. सी++17 च्या फाइलसिस्टीम लायब्ररीत 'एक्झिस्ट्स' आहे. त्यात सीएमडी नाही, अवतरणं नाहीत.

पुढेमागे 'दहा मिनिटांत संपलं नाही तर मारून टाक' असं हवं असेल, तर ते 'सिस्टीम'ने जमत नाही. तेव्हा विंडोजच्या क्रिएटप्रोसेस फंक्शनकडे वळा आणि थांबण्यासाठीच्या वेटफॉरसिंगलऑब्जेक्टला 600000 मिलिसेकंद द्या. कमांडची ओळ बदलता येईल अशा ॲरेमध्ये ठेवा, कारण क्रिएटप्रोसेसचं डब्ल्यू (युनिकोड) रूप ती जागा बदलू शकतं. परत मिळालेली प्रोसेस आणि थ्रेड अशी दोन्ही हँडल बंद करा, लोक थ्रेडचं विसरतात.

अण्णा_मुलुंड
साडेसातला टास्क शेड्युलरने चालवणार ना? मग तीन गोष्टी आत्ताच बघून घ्या. प्रोग्रामच्या शेवटी 'पॉज' असेल तर काढा, तिथे कळ दाबायला कोणी नसतं आणि टास्क 'चालू' असाच दिसत राहतो. 'स्टार्ट इन'मध्ये फोल्डर भरा, रिकामं ठेवलं तर चालू फोल्डर सिस्टम32 असतं. आणि नॅसला झेड ड्राइव्ह म्हणून जोडलं असेल तर ते अक्षर वापरू नका. जोडलेली ड्राइव्ह त्या लॉगिनपुरतीच असते, लॉगिन नसताना चालणाऱ्या टास्कला दिसत नाही. '\\नॅस\...' असाच पाथ द्या.

'पासवर्ड साठवू नका' या पर्यायावर खूण असली तरी टास्क चालतो, पण त्याला फक्त त्याच पीसीवरच्या गोष्टी मिळतात, नेटवर्क नाही. म्हणजे हाताने चालवलं की कॉपी होणार आणि शेड्युलरमधून 16 येणार.

जिरे_धणे
तीच खूण होती! काढली, पासवर्ड दिला, शेड्युलरमधून 1 आला. 'पॉज'ही काढला.