प्रश्नमंजुषा: सातवा प्रश्न

प्रेषक: सांस्कृतिक समिती
नमस्कार मंडळी,
४ जुलैच्या सहलीत मुलांसाठी प्रश्नमंजुषा ठेवली आहे. कच्चा कागद सोबत जोडलाय. चुका गुरुवारपर्यंत कळवा, नंतर छापायला जाईल. भजीवाल्यांनी तेल आपापलं आणावं, गेल्या वर्षीसारखी पळापळ नको.

प्रेषक: माजी चिटणीस
सातव्याचं उत्तर उलटं झालंय. ‘अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी इंग्लंडपासून स्वातंत्र्य जाहीर केलं म्हणून युद्ध पेटलं’ असं नाही. लेक्झिंग्टनला गोळी सुटली १९ एप्रिल १७७५ ला, तिथे गावचे आठ जण पडले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला तो साडेचौदा महिन्यांनी! जूनमध्ये बंकर हिलच्या लढाईत हजारावर इंग्रज शिपाई मेले किंवा जखमी झाले. आणि बरोबर तीन आठवड्यांनी फिलाडेल्फियातली काँग्रेस, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, त्याच इंग्लंडच्या राजाला अर्ज करते की आम्ही आपलीच प्रजा, मध्ये पडा आणि समेट घडवा.

प्रेषक: समितीतली वहिनी
काका, म्हणजे एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात विनंतीअर्ज? दुटप्पीपणाच झाला की.

प्रेषक: माजी चिटणीस
काहींचा असेलही. पण बऱ्याच जणांना मनापासून वाटत होतं की भांडण पार्लमेंटशी आहे, करांवरून आहे, राजा न्याय देईल. आपल्याकडे नाही का, कारभारी वाईट पण सरकार चांगलं. हा भ्रम राजानेच मोडला. अर्ज स्वीकारलाच नाही, ऑगस्टमध्ये वसाहतींना बंडखोर ठरवलं. डिसेंबरात पार्लमेंटने त्यांचा व्यापार बंद करून जहाजं जप्त करायचा कायदा केला, शिवाय राजाच्या सरकारने जर्मन संस्थानांकडून भाड्याचे सैनिक उभे केले. जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेनची छोटी पुस्तिका आली. इतर लोक मंत्र्यांना बोल लावत होते, या गड्याने थेट राजेपणालाच हात घातला, तोही साध्या माणसाला कळेल अशा भाषेत. हा पेन इंग्लंडहून येऊन सव्वा वर्षही झालं नव्हतं.

प्रेषक: नवीन सभासद
युद्धाआधी बॉस्टन बंदरात चहा समुद्रात फेकला, ती दंगल ईस्ट इंडिया कंपनीच्याच मालावरून झाली ना? मग आसामचा चहा बुडवला असणार!

प्रेषक: माजी चिटणीस
कंपनी तीच, पण चहा चिनी. आसामात मळे पुढच्या शतकात लागले. मार्च १७७६ मध्ये मात्र एक गंमत दिसते. १ तारखेला पुण्याच्या कारभाऱ्यांचा त्याच कंपनीशी पुरंदरचा तह झाला, आणि १७ तारखेला इंग्रज फौज बॉस्टन सोडून जहाजांवर चढली. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, उगाच जोडू नका.

प्रेषक: समितीतली वहिनी
मार्चमध्ये बॉस्टन मिळालं, तर जुलै कशाला उजाडला?

प्रेषक: माजी चिटणीस
कारण काँग्रेसमधल्या प्रतिनिधींना आपापल्या वसाहतीकडून परवानगी लागायची. व्हर्जिनियाचे प्रतिनिधी रिचर्ड हेन्री ली यांनी ७ जूनला स्वातंत्र्याचा ठराव मांडला, तर चर्चा तीन आठवडे पुढे ढकलली. जाहीरनाम्याचा मसुदा लिहायला मात्र पाच जण बसवून ठेवले. १ जुलैला कौल घेतला: नऊ वसाहती बाजूने, पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलायना विरुद्ध, डेलावेअरचे दोन प्रतिनिधी दोन दिशांना, न्यूयॉर्क गप्प, ‘घरून सूचना नाहीत’. त्या रात्री डेलावेअरचा तिसरा प्रतिनिधी सीझर रॉडनी वादळी पावसात सुमारे ८० मैल आला. साउथ कॅरोलायना वळली. पेनसिल्व्हेनियाचे डिकिन्सन आणि मॉरिस २ तारखेला मतदानापासून दूर राहिले, म्हणून तिथे तीन विरुद्ध दोन असा होकार निघाला. डिकिन्सन म्हणजे राजाला केलेल्या त्या अर्जाचा मुख्य लेखक. जाहीरनाम्यावर त्याची सही नाही, पण काही दिवसांत गडी आपली पलटण घेऊन लढायला निघाला. मला तर सगळ्यांत तोच जवळचा वाटतो.

प्रेषक: नवीन सभासद
म्हणजे स्वातंत्र्य २ जुलैचं?

प्रेषक: माजी चिटणीस
ठराव २ चा, मजकूर मंजूर ४ ला. बहुतेक सह्या तर २ ऑगस्टच्या. काँग्रेसमधला प्रतिनिधी जॉन ॲडम्स याने बायकोला लिहिलं होतं की पुढच्या पिढ्या २ जुलै साजरा करतील. हुकलं बिचाऱ्याचं.

प्रेषक: सांस्कृतिक समिती
सातवा प्रश्न बदलला. सहल ४ लाच, मैदानाचं बुकिंग झालंय. मसालेभात कोण आणणार ते आज रात्रीपर्यंत कळवा. न्यूयॉर्कसारखं ‘घरून सूचना नाहीत’ चालणार नाही.